नंदाताईंच्या काचपट्ट्या

माझ्या दंडाला रबरी पट्टा आवळत नंदाताईंनी विचारलं, "तुझी सासू भरल्या वांग्यात शेंगदाणे भाजून घालते की कच्चे?" मी विचारात पडले. सासूबाईंचा खलबत्ता डोळ्यांसमोर येईपर्यंत सुई आत जाऊन बाहेरही आली होती, आणि नंदाताई कापसाचा बोळा दाबून म्हणत होत्या, "सावकाश आठव. पुढच्या खेपेक सांग."

सुई टोचताना प्रश्न विचारायचा आणि माणूस आठवायला लागला की काम उरकायचं, ही त्यांची पद्धत. लहान मुलांना वर्गातल्या सगळ्यात खडूस बाईंचं आडनाव विचारायच्या, पुरुषांना पहिल्या पगारातून काय घेतलं ते. गंमत म्हणजे उत्तरात त्यांना खरोखरच रस असे. तीन महिन्यांनी मी पुन्हा थायरॉइडच्या तपासणीसाठी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी आधी वांग्यांचा निकाल लावून घेतला आणि मगच पट्टा बांधला.

नंदाताई परब मुलुंड पूर्वेला गव्हाणपाड्यात, माझ्या माहेरच्या 'सुखदा' सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कुटुंब इथे आलं, भावंडं आपापल्या मार्गाला लागली, आणि नंदाताई स्टेशनजवळच्या एका छोट्या लॅबमध्ये चिकटल्या त्या चिकटल्याच. बुटक्या, काळ्यासावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, मनगटावर वडिलांचं मोठ्या तबकडीचं घड्याळ. पावणेसातला निळी पेटी घेऊन त्या घरोघरी रक्त गोळा करायला निघायच्या. जिन्यात कुणी भेटलं, तर लोक आधी हसतात आणि मग बोलतात, तसं त्यांचं नव्हतं. त्या आधी समोरच्याची खालची पापणी ओढायच्या. "डोळो दाखव बघू." आतला रंग पसंत पडला तरच पुढे गप्पा. आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या एका सुनेने पहिल्याच दिवशी हा प्रकार अनुभवला आणि घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली, की दुसऱ्या मजल्यावरच्या बाई जरा विचित्र आहेत. आठ दिवसांनी तिला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या.

लॅबमध्ये मोठं मशीन आलं, तेव्हा मालकीण डॉक्टरबाईंनी त्यांना सांगितलं की आता प्रत्येक रक्ताची काचपट्टी करून बघायची गरज नाही, मशीन पेशी मोजून आकडा देतं. नंदाताईंनी मान डोलावली आणि काचपट्ट्या करणं तसंच चालू ठेवलं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "मशीन मोजता, पण बघणा नाय." डॉक्टरबाई शहाण्या होत्या, त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. काचेवर थेंब ठेवून दुसऱ्या काचेने तो पुढे ओढायचा, वाळवायचा, रंगवायचा, आणि मग सूक्ष्मदर्शकाला, त्यांच्या भाषेत दुर्बिणीला, डोळा लावून बसायचं. हे करताना त्या गुणगुणत असत. गाणं कुठलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आता आमच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण आईशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही. आईकडे सोसायटीचा औषधाचा डबा होता. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा. कुणाच्या घरात गोळ्या उरल्या की त्या वाया जाऊ नयेत म्हणून आईकडे आणून द्यायच्या, आणि कुणाला काही झालं की आईकडे मागायला यायचं. औषधांची नावं वाचण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे. आई प्रत्येक पाकिटाला आपल्या सुंदर अक्षरात चिठ्ठी लावायची: 'जोशांची खोकल्याची, झोप येते', 'नानांची पोटाची, छान आहे', 'कर्णिकांची सर्दीची, तीन दिवस पुरे'. ती तीन दिवस पुरे असण्याचं कारण एवढंच, की कर्णिककाकांनी पाच दिवसांचं अँटिबायोटिक तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडून दिलं होतं. रात्री-अपरात्री डॉक्टर कुठे शोधणार, असं आई म्हणायची, आणि तिच्या दारात दिवसाला दोन-तीन माणसं यायची याचा तिला मनापासून अभिमान होता. मलाही होता, खोटं कशाला बोलू? माझ्या बाळंतपणानंतर उरलेल्या गोळ्या मीही त्यात टाकल्या होत्या.

नंदाताईंना हा डबा डोळ्यांसमोर नको असे. त्या आईला म्हणायच्या, "वैनी, डब्यात काय असा ता माका सांगू नकात. लोकांच्या रगतात काय असा ता मी रोज बघतंय." आई हसून त्यांना चहा द्यायची. दोघींचं चांगलं जमायचं, पण डब्याचा विषय निघाला की आईचा चेहरा असा व्हायचा, की जणू तिच्या हातच्या पुरणपोळीला कुणी नाव ठेवलंय.

एका वर्षी सोसायटीच्या सत्यनारायणाला कर्णिककाका गोरेगोमटे, गोबरे होऊन आले. त्यांची पाठ वर्षानुवर्षं दुखायची. कुणीतरी गावाकडून काळपट पुड्या आणून दिल्या होत्या, सकाळ-संध्याकाळ मधातून. पंधरा दिवसांत दुखणं पळालं, भूक वाढली, गाल वर आले. सगळे त्यांना तब्येत सुधारली म्हणून शाबासकी देत होते आणि काका ती प्रसादासारखी दोन्ही हातांनी घेत होते. नंदाताई शिरा खाता खाता त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "काका, ही तब्येत नाय. ही सूज. पायाच्या अंगठ्याला पट्टी कशाची?"

अंगठ्याला चप्पल लागली होती, महिना झाला तरी जखम भरत नव्हती. सगळ्यांसमोर नंदाताईंनी त्यांना समजावलं की असल्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. सोसायटीत रोज भांडणं ऐकू येतात म्हणून आपण वॉचमनलाच झोपेची गोळी दिली, तर भांडण ऐकू येणार नाही, शांत वाटेल, पण गेटातून कोण आत शिरलं तेही कुणाला कळणार नाही. दुखणं थांबलंय ते पाठ बरी झाली म्हणून नव्हे, तर अंगातले राखणदार झोपलेत म्हणून. काका भडकले. पुड्या उद्यापासून बंद करतो, मग बघू, असं म्हणाले. त्यावर नंदाताई त्यांच्याहून जोरात म्हणाल्या की एकदम बंद करायच्या नाहीत, ते आणखी वाईट, आधी पुडी घेऊन डॉक्टरकडे जायचं आणि ते सांगतील तशी कमी करायची. काका गेले डॉक्टरकडे. नंदाताईंचंच खरं निघालं. त्यानंतर चार महिने ते त्यांच्याशी बोलले नाहीत, आणि मे महिन्यात गुपचूप त्यांच्या दाराशी दोन डझन हापूस ठेवून आले. पिशवीवर नाव नव्हतं. नंदाताईंनी मात्र वर जाऊन त्यांची पापणी ओढली आणि आंबे गोड निघाल्याचं सांगितलं.

आईवर या प्रकरणाचा काही परिणाम झाला नाही. पुड्या वेगळ्या आणि तिच्या डब्यातल्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या वेगळ्या, असं तिचं म्हणणं.

मग दोन वर्षांपूर्वीचा श्रावण आला. आई मंगळागौरीच्या खेळांच्या बारा जणींच्या गटाची पुढारी. बासष्टाव्या वर्षी ती फुगड्या घालायची, आणि त्या वर्षी एका मोठ्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम ठरला होता. तालमी जोरात होत्या आणि आईचे गुडघे कुरकुरत होते. हे ती कुणाला सांगत नव्हती, कारण पुढारीणच लंगडली तर बाकीच्यांनी काय करायचं? आठवडाभराने तिच्या तोंडात फोड आले. उष्णता झाली म्हणून तिने सब्जा भिजवला, गुलकंद खाल्ला. फोड वाढले, पाणी गिळवेना. मग ताप भरला. बिल्डिंगने एकमताने डेंग्यू ठरवला आणि मला बाबांचा फोन आला. मी मुलुंड पश्चिमेच्या सासरहून धावत आले, तोवर नंदाताई सकाळी रक्त घेऊन गेल्या होत्या. आईला त्यांनी विचारलं होतं, की यंदा नऊवारीचा रंग कुठला. आई म्हणाली की त्यांच्या हाताला आज घाई होती.

अकरा वाजता बेल वाजली. दारात नंदाताई, अंगात लॅबचा पांढरा कोट तसाच. कामाच्या वेळात त्यांना लॅबबाहेर कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पापणी ओढली नाही की चहाला हो म्हटलं नाही. आईच्या पलंगावर बसल्या, मोबाइलच्या उजेडात तिचं तोंड पाहिलं, आणि हळू आवाजात विचारलं, "वैनी, काय खाल्लात?"

आई म्हणाली, काही नाही, रोजची रक्तदाबाची एक.

नंदाताईंनी मला सांगितलं की डेंग्यू नाही. पांढऱ्या पेशी इतक्या कमी आहेत की मशीनवर त्यांचा विश्वास बसला नाही, म्हणून त्यांनी काचपट्टी केली. ज्या पेशी आजाराशी लढतात त्या काच या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून शोधाव्या लागल्या. प्लेटलेटही उतरल्या होत्या. हे कुठल्या तरी औषधाने होतं, आणि कुठल्या ते कळलं तरच डॉक्टरांना उतारा देता येईल. मी आईकडे वळले. आई भिंतीकडे बघत होती. "काही घेतलं नाही म्हटलं ना," ती म्हणाली.

मी चिडले. आईला ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात नंदाताईंनी माझा हात दाबला. मग त्या आईला एक हकीकत सांगू लागल्या. मी त्यांना पंचवीस वर्षं ओळखत होते, पण ही कधी ऐकली नव्हती.

त्यांचं डोकं दुखायचं. दुर्बिणीत वाकून वाकून मान धरायची आणि डोकं उठायचं. सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर एक वेदनाशामक गोळी, दुपारी वाटलं तर आणखी एक. अशी सहा वर्षं. जिना चढताना धाप लागायची, ते वयामुळे असं त्या धरून चालल्या. एकदा लॅबमध्ये नवा रंग आला, तो नीट बसतो का बघायला त्यांनी घाईत स्वतःचंच बोट टोचून एक काचपट्टी केली आणि इतर वीस पट्ट्यांमध्ये ठेवली. तासाभराने एकेक बघताना एका पट्टीवर थांबल्या. तांबड्या पेशी लहान, फिकट, मधे पोकळ, भिजलेल्या साबुदाण्यासारख्या. "मी डॉक्टरबाईंक हाक मारली," नंदाताई म्हणाल्या. "म्हटलं, ह्या बाईक आत्ताच्या आत्ता बोलवा, हिच्या पोटात खयतरी रगत झिरपता. आणि लेबल बघलंय तर माझांच नाव."

गोळ्यांनी पोटाला आतून जखम केली होती. सगळ्या मुलुंडच्या पापण्या ओढणाऱ्या बाईने आरशात स्वतःची एकदाही पाहिली नव्हती. तीन महिने औषध घेतलं, आणि लाजेने कुणाला सांगितलं नाही. "आज तुमका सांगतंय, वैनी. माझी लाज गेली, आता तुमची जाऊ दे."

आईच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने मला कपाटातला डबा आणायला सांगितला. त्यातून तिने स्वतःच एक पाकीट काढलं. चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात होतं: 'साठेआजींची सांध्याची, उत्तम गुण'. साठेआजी लेकीकडे राहायला गेल्या तेव्हा त्यांच्या गोळ्या इथे आल्या होत्या. लहानशा पिवळ्या गोळ्या. आईचे सांधे दुखत होते, गोळी सांध्याची होती, त्यात शंका घ्यायला जागाच कुठे होती?

"रोज?" नंदाताईंनी विचारलं.

"रोज एक. तालमीच्या दिवशी दोन. आणि वर दुखण्याची वेगळी."

नंदाताईंनी पाकिटावरचं छापील नाव वाचलं आणि डोळे मिटले. "ही आठवड्यातून एकदा घेवची गोळी, वैनी. आठवड्यातून एकदा. ती पण डॉक्टर रगत बघून देता."

साठेआजींना संधिवात होता. त्यांची ती गोळी अंगातल्या वाढत्या पेशींना दाबून ठेवणारी. आठवड्याला ठरल्याइतकीच घेतली तर आजार आटोक्यात राहतो, रोज घेतली तर रक्त जिथे तयार होतं तो कारखानाच बंद पाडते, आणि सोबतच्या वेदनाशामकाने ती अंगात अधिकच साचून राहते. चिठ्ठीवर सगळं होतं, फक्त 'आठवड्यातून एकदा' एवढं नव्हतं.

पुढचं सगळं नंदाताईंनी केलं. पाकिटातल्या फुटलेल्या खिडक्या मोजून आईने नेमक्या किती घेतल्या ते कागदावर लिहिलं, औषधाचं नाव मोठ्या अक्षरात वर, लॅबच्या डॉक्टरबाईंना फोन करून हॉस्पिटलला कळवायला सांगितलं, आणि रिक्षात आईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि विचारलं की हे कुणी काढलं. उतारा तासाभरात सुरू झाला. दोन दिवस उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असं ते मला नंतर म्हणाले. मी कॉरिडॉरमध्ये बसून रडले. मला फार भीती वाटली होती.

संसर्ग नको म्हणून आईला वेगळ्या खोलीत ठेवलं. फुलं नाहीत, फळं नाहीत, भेटायला कुणी नाही. नंदाताईंची तिथल्या लॅबमधल्या मुलीशी ओळख निघालीच. रोज सकाळी डॉक्टरांच्या आधी मला त्यांचा मेसेज यायचा, नुसता पांढऱ्या पेशींचा आकडा. पाच दिवस तो आकडा जागचा हलला नाही. सहाव्या दिवशी आकडा नव्हताच. एकच शब्द होता: 'वाढल्यो'. मी तो मेसेज बाबांना मोठ्याने वाचून दाखवला, आणि बाबांनी स्वयंपाकघरात जाऊन आयुष्यात पहिल्यांदा शिरा केला. त्यात साखर घालायला ते विसरले. आम्ही तो संपवला.

ताप उतरताच आईने फोनवरून पहिला हुकूम सोडला, की डबा सगळ्यांसमोर उघडा, माझ्यासारखी आणखी कुणी निघायला नको. गच्चीवर वर्तमानपत्रं पसरली. नंदाताई मध्ये बसल्या आणि चिठ्ठ्या वाचायचं काम कर्णिककाकांनी मागून घेतलं. 'नानांची पोटाची, छान आहे' हे त्यांनी बातम्या द्याव्यात तसं वाचलं. ती गोळी पोटाची नव्हतीच, कानाची चक्कर थांबवायची होती, आणि ती घेऊन तीन जणींची पोटं बरी झाली होती. अँटिबायोटिकची अर्धवट पाकिटं निघाली ती बारा. नंदाताईंनी काकांकडे फक्त पाहिलं. काका म्हणाले, "बघू नका हो, माझी नऊच आहेत." गच्चीवर हसण्याचा असा लोट उठला, की समोरच्या इमारतीतले लोक खिडक्यांत आले. साठेआजींची गोळी तळमजल्यावरच्या एका बाईंनीही एकदा घेतली होती. त्यांचं रक्त नंदाताईंनी तिथल्या तिथे घेतलं, ते चांगलं निघालं. सगळ्या गोळ्या एका मोठ्या औषधाच्या दुकानात नष्ट करायला दिल्या. मंगळागौरीचा कार्यक्रम अकरा जणींनी केला आणि आईने हॉस्पिटलच्या खाटेवरून व्हिडिओ कॉलवर त्यांच्या चुका काढल्या. नर्सने दोनदा आवाज कमी करायला लावला.

महिन्याभराने शेवटची तपासणी होती. नंदाताई निवृत्त होऊन कुडाळजवळच्या गावी भावाकडे कायमच्या निघाल्या होत्या, लॅबमधला तो त्यांचा शेवटचा आठवडा. आईने घरी रक्त द्यायला नकार दिला. लॅबमध्ये येणार, आणि तुम्ही बघता ते मला दाखवायचं, अशी तिची अट. चिंचोळ्या खोलीत एक स्टूल, एक दुर्बीण, खिडकीत कढीपत्त्याची कुंडी. नंदाताईंनी काचपट्टी ओढली, रंगवली, गुणगुणत वाळवली. मशीनचा आकडा उत्तम आला होता, डॉक्टरबाईंनी रिपोर्टवर सही करून तो माझ्या हातात दिला. मग आई स्टुलावर बसली आणि एक डोळा गच्च मिटून दुसरा तिने दुर्बिणीला लावला.

नंदाताई बाजूने चक्र फिरवून काच पुढे सरकवत होत्या. जांभळ्या ठिपक्यांच्या त्या पांढऱ्या पेशी, त्या तुमच्या राखणदारणी, असं सांगत होत्या.

"या सगळ्या माझ्या?" आईने विचारलं.

"नायतर काय माझ्यो?"

आई हसली आणि हसता हसता तिने नंदाताईंचा हात धरला. तो तिने किती तरी वेळ सोडला नाही. शेवटी बाहेर रांग वाढली म्हणून आम्ही उठलो. निरोप म्हणून आईने त्यांना लोणच्याची बरणी दिली, त्यांनी आईला गुडघे सांभाळायला सांगितलं, एवढंच.

दाराशी पोचल्यावर मी वळून पाहिलं. नंदाताई पुन्हा स्टुलावर बसल्या होत्या. पुढचे नमुने तसेच ट्रेमध्ये होते. चष्मा कपाळावर सरकवून त्या आईचीच काचपट्टी पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होत्या. रिपोर्ट कधीच सही होऊन माझ्या हातात आला होता.